गरुडाची सत्तरी

पुणे, चैत्र

प्रिय संज्या,

तुझा गरुडाचा फॉरवर्ड पोचला. चाळिशीत म्हणे तो डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नखं-पिसं उपटतो आणि 150 दिवसांनी नवा होऊन सत्तरीपर्यंत जगतो. पन्नाशीतल्या मित्राला धीर द्यायचा तुझा हेतू कळला, पण गड्या, ही निव्वळ थाप आहे. चोच आणि नखं आयुष्यभर वाढत आणि झिजत राहतात, पिसं आपोआप गळून नवी येतात. चोच मोडलेला शिकारी पक्षी उपाशीच मरेल.

खरा हिशोब ऐक. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1981 साली ओळखीसाठी पायात कडी घातलेला रेड-टेल्ड हॉक हा शिकारी पक्षी 2011 साली सापडला. वय किमान 30 वर्षं 8 महिने! पण असा एखादाच. आपल्याकडच्या शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचा युरोपातला भाऊबंद स्पॅरोहॉक साधारण चारेक वर्षंच जगतो. त्याची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षही काढत नाहीत. आई-बाप भरवायचे थांबले की नवशिक्याचे नेम चुकतात आणि भूक काही थांबत नाही. ते वर्ष निभावलं, तर पुढे विजेच्या तारा, इमारतींच्या काचा आणि आपला मांजा आहेच. पिंजऱ्यात पाळलेला जास्त जगतो, पण त्याला काय जगणं म्हणायचं!

आता मुद्द्याचं. तुझ्या गोदामामागच्या आंब्यावर शिक्र्याची जोडी आहे ना? लालबुंद डोळ्यांचा तो नर कुंपणावर सरडा पायाखाली दाबून कसा टराटरा फाडत होता, आठवतंय? आणि तू पोत्यांमागे ब्रोमाडिओलोन या उंदराच्या विषाच्या वड्या टाकतोस. त्याने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं बंद होतं आणि तो काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. शिक्र्याला सरडे-पाखरं आवडतात खरी, पण असं आयतं सावज कोण सोडेल? मग ते विष त्याच्या पोटात, आणि पिल्लांच्याही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पेल मेल या प्रसिद्ध हॉकची जोडीदारीण 2012 साली मेली, तपासणीत उंदराचंच विष निघालं.

पावसाळ्यापर्यंत तरी त्या वड्या बंद कर. चिकट पुठ्ठेही नकोत, त्यात पाखरं अडकतात. लोखंडी पिंजरे मी बोहरी आळीतून घेऊन पाठवतो. किती लागतील तेवढं कळव, आणि पैशांचं नाटक करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू