सोलरच्या बिलात एक्स्पोर्टचं रीडिंग छापायला काय हरकत आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी सोलरवर दोन-तीन पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच, की गच्चीवर पॅनल बसवले, मोबाइलच्या ॲपवर युनिट ढीगभर दिसतात आणि बिल आलं की त्यातले निम्मे गायब, म्हणजे कंपनीने खाल्ले. वीज कंपन्यांची वकिली करायची मला अजिबात हौस नाही, उलट आमच्या सोसायटीचं त्यांच्याशी भांडण चालू आहे आणि ते खाली सांगतोच, पण निम्मे युनिट खाल्ल्याचा जो आरोप आहे तो बऱ्याचदा हिशोब न समजल्यामुळे होतो आणि त्या गोंगाटात जिथे खरोखर गडबड असते तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आता बघा, ॲप सांगतं ते पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणाऱ्या इन्व्हर्टरने किती वीज बनवली तेवढंच. ती वीज आधी तुमच्याच वायरिंगमध्ये फिरते. दुपारी फ्रिज चालू, पंखा चालू, कोणी मिक्सर लावला, हे सगळं पॅनलवर चालतं आणि नेट मीटरला, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणाऱ्या सोलरच्या मीटरला, त्याचा पत्ताही लागत नाही, कारण ती वीज मीटरपर्यंत पोचलीच नाही. उरते तेवढीच बाहेर जाते, ती एक्स्पोर्ट. रात्री पॅनल झोपले की बाहेरून येते ती इम्पोर्ट. मीटरमध्ये ह्या दोन्हीचे वेगळे आकडे असतात आणि दोन्ही फक्त वाढत जातात, उलटं काहीच फिरत नाही. मीटर उलटा फिरतो हे लोक अजून सांगतात ते जुन्या ॲल्युमिनियमच्या चकतीवाल्या मीटरचं, ते दिवस गेले.

समजा महिन्यात पॅनलने ३०० युनिट बनवले, मीटरवर एक्स्पोर्ट १८० दिसतो आणि इम्पोर्ट २१०. म्हणजे १२० युनिट घरातच वापरले गेले, ते कोणी चोरले नाहीत. बिल लागणार २१० मधून १८० वजा जाता ३० युनिटचं, आणि घराचा खरा वापर झाला २१० अधिक १२०, म्हणजे ३३०. एवढी वजाबाकी केली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वर पॅनल आले की माणसं एसी जरा सढळ हाताने लावतात हेही आहेच, पण ते कोणी पत्रात लिहीत नाही. आणि बिल शून्य येणार असं जे सेल्समन सांगतात ते सोडून द्या, स्थिर आकार कुठे जात नाही, वजाबाकी शून्य आली तरी तो भरावाच लागतो.

आता खरी गडबड कुठे असते ते सांगतो. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर, जो आपल्या सगळ्यांच्या मीटर रूममध्ये लागलेला असतो, त्याला वीज आत येतेय की बाहेर जातेय ह्याच्याशी बऱ्याचदा देणंघेणं नसतं, तो दोन्ही वापर म्हणूनच मोजतो. हे मुद्दामच केलेलं आहे, कारण पूर्वी लोक वायर उलटसुलट जोडून मीटर मागे फिरवायचे, ती चोरी बंद व्हावी म्हणून. पण अशा मीटरवर सोलर चालू केलं तर काय होईल? तुम्ही कंपनीला फुकट वीज देणार आणि वर त्याचंच बिल भरणार.

आमच्याकडे बोरिवलीत नेमकं हेच झालं. कॉमन मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे ह्यांच्यासाठी, सोसायटीने सोलर बसवलं. कॉन्ट्रॅक्टरने टेस्टिंग म्हणून सिस्टिम चालू केली आणि तशीच ठेवून गेला, नेट मीटर यायचा बाकी होता. पुढचं बिल आधीपेक्षा जास्त. कमिटीत आरडाओरडा, कोणी म्हणे वॉचमन हीटर लावतो. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, आयुष्यभर मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात काढलेला माणूस, भर दुपारी मीटर रूममध्ये जाऊन उभे राहिले. टाकी भरलेली, पंप बंद, लिफ्ट उभी, आणि वीज मोजली जाते तसा लुकलुकणारा मीटरचा तो लाल दिवा मात्र एकसारखा लुकलुकत होता, जसं काही सगळी बिल्डिंग चालू आहे. काकांनी वर फोन करून गच्चीवरचा सोलरचा स्विच पाडायला सांगितला, तसा दिवा एकदम मंदावला, लुकलुकतोय की नाही तेही कळेना. परत चालू करायला सांगितला, परत लुकलुक सुरू. सेक्रेटरींनी व्हिडिओ काढला. ऑफिसात दाखवला तर खिडकीवरचा माणूस म्हणतो वापर वाढला असेल, गणपतीचं लाइटिंग केलं असेल. अहो, तेव्हा गणपती यायचे होते!

पुढे नेट मीटर लागला आणि बिल उतरलं. पण जुन्या बिलांत आमचाच एक्स्पोर्ट आमच्याच माथी मारला त्याचे पैसे अजून परत नाहीत, त्यावरच भांडण आहे. म्हणून ज्यांचं काम चालू असेल त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला बजावून सांगा, नेट मीटर लागल्याशिवाय स्विच वर करायचा नाही, टेस्टिंगसाठीसुद्धा नाही. आता स्मार्ट मीटर बसवतायत तिथेही हेच बघा. त्या मीटरमध्ये दोन सेटिंग असतात, एकात फक्त वापर मोजला जातो आणि दुसऱ्यात इम्पोर्ट-एक्स्पोर्ट वेगवेगळे. सोलरवाल्याचा मीटर बदलताना चुकून पहिलं सेटिंग राहिलं तर आमची गोष्ट तुमच्याकडे व्हायची. ओळखायचं सोपं आहे, डिस्प्लेवर आकडे एकामागून एक येत राहतात त्यात एक्स्पोर्टचा आकडा आहे का आणि उन्हाच्या वेळी तो वाढतोय का ते बघायचं.

हक्काचंही थोडं सांगतो कारण ऑफिसात कोणी आपणहून सांगत नाही. केंद्राने ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये बदल केलाय, मीटरचं रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की कंपनीने ५ दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान ३ महिने पडताळणी करायची आहे. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अटही नाही. तरी ऐकलं नाही तर कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्या वर विद्युत लोकपाल. आम्ही मंचापर्यंत आलोय.

शिल्लक युनिटचं वेगळंच दुखणं आहे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ते ३१ मार्चपर्यंतच, त्या दिवशी उरतील ते कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते आणि तो दर आपण मोजतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्या मुंबईत एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते हे चांगलं, जूननंतर आभाळ आलं की पॅनल काय देणार. पण फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात साठलेले युनिट वापरायला वेळच मिळत नाही, ते स्वस्तात जातात. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टिम घेऊ नका, विकणारा कितीही आग्रह करू दे. सबसिडीचं गणितही घराला आणि सोसायटीला वेगळं आहे, पीएम सूर्यघर ह्या केंद्राच्या योजनेत घराला ३ किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,०००, तेव्हा कोटेशनवर कुठली सबसिडी धरलीय तेही नीट वाचा. आणि लाइट गेली तर सोलरवर घर चालेल ह्या भ्रमात राहू नका, साधी ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेली सिस्टिम ग्रिड गेलं की आपोआप बंद होते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तेव्हा उन्हातसुद्धा असले पॅनल नुसते तापत पडले होते.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती आपण छापावी. सोलरच्या प्रत्येक बिलावर इम्पोर्टचं मागचं आणि चालू रीडिंग, एक्स्पोर्टचं मागचं आणि चालू रीडिंग, आणि शिल्लक युनिट किती, हे पहिल्याच पानावर ठळक मराठीत असावं. आमच्या बिलात एक्स्पोर्ट म्हणून नुसता एक आकडा मागच्या पानावर बारीक अक्षरात येतो, तो कुठून आला हे मीटरशी ताडून बघायची सोयच नाही. मीटरमध्ये दोन्ही रीडिंग आहेत, रीडिंग घेणाऱ्याकडे आहेत, कॉम्प्युटरवर आहेत, मग कागदावर यायला काय अडतं? ज्या सोसायट्यांना नेट मीटर लागायच्या आधी असंच वाढीव बिल आलंय त्यांनी त्या काळातली बिलं आणि नेट मीटर बसवल्याचा कागद सांभाळून ठेवा आणि ह्याच सदरात लिहा, म्हणजे मंचासमोर आम्ही एकटेच आहोत असं कंपनीला म्हणता येणार नाही.

आपला,
सोसायटीचा एक सभासद, बोरिवली पूर्व, मुंबई