गोडोलीचं घर आणि बाबांचा नॅव्हरोन

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा, तुम्ही "बघू बघू" करून फोन आईकडे देता आणि आईचा नेमका तेव्हाच कुकर होतो, म्हणून लिहून पाठवतेय. अक्षरं मोठी करून प्रिंट काढलीय, चष्म्याची सबब चालणार नाही.

साताऱ्यातच, गोडोलीत तळमजल्यावरचं घर मी भाड्याने घेतलंय. डिपॉझिट भरलं, करार माझ्या नावावर झाला, पुढच्या रविवारी टेम्पो येईल. शनिवार पेठेतलं आपलं घर विकायचं नाहीये, ते आहे तसंच राहील, किल्ली आईच्या कमरेलाच राहील. पण तीन मजले, लिफ्ट नाही, आणि बाबा तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीच्या पिशवीसकट खाली बसलात आणि शेजारच्यांनी धरून वर आणलं, हे मला चार दिवसांनी कळतं, तेही दूधवाल्याकडून, त्यानंतर मी आणखी काय बघत बसायचं होतं सांगा.

दादाचं म्हणणं होतं की सरळ सांगूच नको. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालंय, छत गळणार आहे, दोन महिने दुसरीकडे राहावं लागेल असं सांगायचं, मग तिकडे रुळले की कोण परत तीन मजले चढतंय. मस्कतला बसून त्याने सगळं ठरवलं होतं, सोसायटीच्या सेक्रेटरींना फोनसुद्धा करणार होता. आयडिया चालली असती. वहिनीला तर एकदम पटली. पण मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं ते बाबा तुम्हाला लगेच कळेल. मला तुमच्या लाडक्या सिनेमातला फ्रँकलिन आठवला.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' या युद्धाच्या सिनेमावरून आपल्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी इस्टेटीवरून झाली नसतील (इस्टेट आहे कुठे म्हणा). तुमचं पुराण ठरलेलं, कॉलेजात असताना अलका टॉकीजला मॉर्निंग शोला बघितला, वादळाच्या सीनला पुढच्या रांगेतला माणूस खुर्चीचा दांडा धरून बसला होता. आणि ठरलेलं मत, की मॅलरीपुढे दुसरा इलाजच नव्हता. कडा चढायला म्हणून बोलावलेला माणूस, मोहिमेचा पुढारी फ्रँकलिन पडला, पाय मोडला, की सगळं याच्या गळ्यात. समोर केरॉस बेटावर दोन हजार ब्रिटिश सैनिक अडकलेले, त्यांना न्यायला येणाऱ्या बोटी नॅव्हरोनवरच्या जर्मनांच्या त्या दोन तोफांच्या तोंडासमोरून जाणार, आणि त्याच तोफा यांनी उडवायच्या. मागायला गेला होता का तो पुढारीपण?

तुम्हाला एक गोष्ट कायम खटकायची, की सिनेमा ज्यावरून काढला त्या मॅक्लीनच्या १९५७ च्या कादंबरीत असं नाहीये, तिथे मॅलरी पहिल्यापासूनच प्रमुख आहे आणि पाय मोडतो तो कोवळ्या स्टीव्हन्सचा. फोरमनने पटकथेत उगाच बदललं म्हणायचात. मला मात्र तोच बदल सगळ्यात आवडतो. पहिल्यापासून पुढारी असलेल्याने निर्णय घेतला तर त्यात बघण्यासारखं काय आहे? ज्याला नकोच होतं त्याच्या हातात आल्यावर तो काय करतो, गंमत तिथे आहे.

आणि मॅलरी काय करतो? त्याचा साथीदार आंद्रेया तर गोळी घालणं हाही एक मार्ग आहे असं सरळ बोलून दाखवतो, हा तसं करत नाही, जखमी मित्राला सोबत घेतो, आणि मग त्याला खोटंच सांगतो की मोहीम रद्द झाली, आता किनाऱ्यावरून मोठा हल्ला होणार आहे. फ्रँकलिनला वाटतं आपल्याला धीर देतोय. पण मॅलरीने हिशोब केलेला असतो की हा जर्मनांच्या हाती लागला, त्यांनी औषध टोचून बोलतं केलं, तर हा हेच सांगेल. आणि तसंच होतं, सैन्य किनाऱ्याकडे पळतं, यांची वाट मोकळी. टोळीतला मिलर चिडतो तो यावर. मित्राला वापरलंत म्हणून. तुम्ही म्हणता मिलरला बोलायला काय जातंय. मी म्हणते मिलर बरोबर होता. अजूनही म्हणते. हल्ला करणं योग्यच होतं, पण अंथरुणावरच्या माणसाला त्याच्याच भल्याची थाप मारायची हे काही मला गिळवत नाही. दोन हजार जिवांचा प्रश्न होता म्हणून मॅलरीला माफ. आपल्याकडे नुसता जिना आहे. त्यासाठी तुम्हाला छत गळतंय सांगायचं? तुम्ही महिन्याभराने गच्चीवर जाऊन बघणार, कोरडी ठणठणीत, आणि मग तुमचं ते गप्प बसणं. ते आम्ही दोघांनी लहानपणी बघितलंय, नको.

आईचं मत वेगळंच. आई, तू दरवेळी शेवटच्या अर्ध्या तासापुरती येऊन बसायचीस, हातात निवडायची मेथी. टोळीला येऊन मिळालेल्या दोघींपैकी अ‍ॅना फितूर निघते, तिचं काय करायचं यावर मॅलरी आणि मिलर एकमेकांची अक्कल काढतात, मिलर म्हणतो आता तूच झाड गोळी, मॅलरी पिस्तूल काढतो, आणि गोळी मारते दुसरी, मारिया. कुणी तिला विचारलेलं नसतं. तू म्हणायचीस, "बघा, चर्चा यांची आणि निस्तरायचं बाईने." काकांनी त्यावर सांगितलं होतं की कादंबरीत या दोघी मुळी बायका नाहीतच, पुरुष आहेत, तर तू म्हणालीस म्हणूनच पुस्तक लांबलं असेल. काकांचं आणि सिनेमाचं जमलंच नाही म्हणा, अ‍ॅटलास काढून नॅव्हरोन शोधत बसले, नाही सापडलं, मग लेरोस नावाचं खरं ग्रीक बेट काढलं आणि सांगितलं की खऱ्या लढाईत १९४३ च्या नोव्हेंबरात तिथल्या ब्रिटिशांनी शरणागती पत्करली, कुणी तोफा उडवायला आलं नाही. सगळ्यांचा मूड घालवला.

बाबा, आता एक बोलते, रागवू नका. मिलर केमिस्ट्रीचा मास्तर असतो, सुरुंगातला तज्ज्ञ, आणि अधिकारीपद नको म्हणून कॉर्पोरलच राहिलेला. तुम्ही शास्त्र शिकवलंत आणि हेडमास्तरकी आली तेव्हा नाही म्हणालात. जीव सगळा मॅलरीवर आणि बसलात मिलरच्या जागेवर! मला ते कधी कमी वाटलं नाही, खरंच सांगते, तुमच्यामुळेच घरात हसायला मिळालं. पण त्यामुळे आत्याचं लग्न, दादाचं इंजिनिअरिंग, हे घर, सगळं आईने ठरवलं. आणि घर घेताना जिना उंच आहे म्हणून कुरकुर कुणी केली होती? तुम्हीच. आता तोच जिना तुम्हाला सोडवत नाही. मिलरचं काम करणाऱ्या डेव्हिड निव्हनचं तुम्हीच सांगायचात ना, की हॉलिवूड सोडून खरोखर युद्धावर गेला, खरा ऑफिसर होता, आणि सिनेमात मात्र जबाबदारी टाळणारा कॉर्पोरल. मलाही आजवर शेंगदाणे खात कॉमेंट करायचीच सवय होती, दादा निर्णय घेणार आणि मी खुसपट काढणार. तो आता लांब आहे, मग राहिलं कोण.

आता घराचं. आई, ओटा तुझ्या उंचीचा आहे, मी स्वतः उभी राहून पोळी लाटायची अ‍ॅक्शन करून बघितली, ब्रोकर हसत होता. पाणी सकाळी येतं, टाकी आहे, तरी तुझी पिंपं मी आणणारच आहे. देवघराला पूर्वेची भिंत मिळते. मागच्या दाराला लागून चार फूट मोकळी जागा आहे, तुळस, गवती चहा, आणि तुझं ते न मरणारं कोरफड. बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतलाय, कमोड आहे, फरशी खडबडीत आहे. बाबा, अजिंक्यतारा दिसतो, फक्त दुसऱ्या अंगाने, आणि जवळून. पेपरवाला सहाला टाकतो, मी विचारलं. राजवाड्यावरचा कट्टा लांब पडेल हे मला माहितीय, त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतंय. एका रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय, संध्याकाळी नेईल आणि आणेल, पैसे मी महिन्याचे देईन, तुम्ही त्याच्याशी घासाघीस करायची नाही. तिकडे अजिबात नाहीच रुचलं तर करार अकरा महिन्यांचा आहे, तेव्हा परत बोलू, पण तेव्हा, आत्ता नाही.

लहानपणी ताप आला की तुम्ही मला खांद्यावर टाकून तेच तीन मजले उतरायचात, मी मुद्दाम डोळे मिटून पायऱ्या मोजायचे आणि दरवेळी चुकायचे, तुम्ही परत वर जाऊ का विचारायचात. किती हसायचे मी तापातसुद्धा.

तर ऐका. शनिवारपर्यंत कुणीही काहीही उचलायचं नाही. माळ्यावर चढायचं नाही, बाबा स्टूल घेऊन तर अजिबात नाही. पुस्तकं मी बांधणार, तुम्ही खुर्चीत बसून कुठलं कुठल्या खोक्यात ते सांगायचं, मॅक्लीनचं वेगळं ठेवते. बीपीच्या गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर, आणि घेतली का विचारलं की "हो" म्हणायचं नाही, रिकामं पाकीट आईला दाखवायचं. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, नंबर लावलाय, चक्कर आल्याचं तुम्ही सांगणार नाही म्हणून मी चिठ्ठी लिहून आईकडे देतेय. आई, तू तूप आणि लोणच्याच्या बरण्या घट्ट बंद करून त्यावर फडकं बांधून ठेव, त्या टेम्पोत नाही, माझ्या गाडीत पायाशी येतील. आणि शेजारच्या काकूंना मी सांगायच्या आधी तू सांग, नाहीतर त्या माझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत.

तुमची,
चिमी