सुकेळीचा डबा राहिला

निर्मळ, वसई
रविवार, दुपारी

प्रिय बाय,

ख्रिस्ताची शांती.

सुकेळीचा डबा, मी उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, इथेच राहिला. राहिला म्हणते, पण तू मुद्दाम फळीवर ठेवून गेलीस हे मला कळतं. बोरिवलीला तुला अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसवून दादा घरी आला, पप्पांनी त्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पंप चालू करतो म्हणून वाडीत गेले. रात्री साडेनऊला पंप चालू करायला कोण जातं?

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो आई, हो आई' करतेस आणि मला पुढचं सुचत नाही. एवढंच सांगायचं होतं, इंदूरला मीटिंगला जाशील तेव्हा पहाटेच्या बसने एकटी जाऊ नकोस. बरोबर कुणीतरी घे. झालं. पुन्हा नाही लिहिणार.

तुझा फोन मी चोरून ऐकला नाही. मी ओटीवर चाफा निवडत होते, तू पडवीत बोलत होतीस. 'उसने पूछा, सिस्टर, और कितने दिन हो यहाँ?' एवढंच कानावर पडलं, आणि तू हसलीस. सावकाराचा माणूस रस्त्यात अडवून असं सहज विचारत नाही, बाय. मी बदली मागायला सांगितलं तर तू म्हणालीस, 'आई, तूसुद्धा पहाटेच्या पहिल्या लोकलने एकटीच टोपली घेऊन दादरला जायचीस की!' जायचे. पण मी तिथे कुणाचं व्याज बुडवत नव्हते. फार तर टीसी ओरडायचा.

तू सांगितलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पायातली चांदीची कडी सावकाराकडे गहाण, मुद्दल कधीच फिटलेलं, तरी व्याज चालूच. मग तुमच्या बचत गटातल्या बायकांनी पैसे उभे केले, तू कागद मोठ्याने वाचून दाखवलास आणि कडी परत आली. त्या दिवशी ती मीटिंगभर पाय पसरून बसली होती, म्हणालीस, सगळ्यांना कडी दिसावीत म्हणून! हे मी शेजारच्या मावशीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'अगो, ऐकलंय.' आज मिस्सा झाल्यावर फादरांनाही सांगितलं. सांगताना छाती फुगते आणि घरी आल्यावर पोटात गोळा येतो. दोन्ही त्याच गोष्टीने.

सिस्टर राणी मारियाचं नाव काढलं की तू चिडतेस. 'प्रत्येक वेळी तेच काय, आई.' पण मी तरी काय करू? केरळातली मुलगी, तुझ्यासारखीच घरदार सोडून तिकडे आलेली. इंदूरकडच्या उदयनगरला हेच काम, आदिवासी, सावकार, बचत. 25 फेब्रुवारी 1995, सकाळची इंदूरची बस. भरल्या बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या माणसाने सुरा काढला. एवढी माणसं होती, कुणी आडवं आलं नाही. 54 जखमा मोजल्या. 41 वर्षांची होती. तू तेव्हा बालवाडीत होतीस. पेपरात कोपऱ्यात बातमी आली होती, मी वाचली, 'अरेरे' म्हटलं आणि त्याच कागदात चाफ्याच्या पुड्या बांधल्या. मला काय ठाऊक, आपल्या घरातलं कुणी त्याच रस्त्याने ये-जा करणार आहे.

4 नोव्हेंबर 2017 ला तिला इंदूरमध्ये धन्य घोषित केलं, तेव्हा तू मंडपातून फोटो पाठवलेस. सगळे म्हणाले, काय भाग्य तुमच्या मुलीचं! मी फोटोत तुला मोठं करून बघत होते. केवढी वाळली होतीस.

आणि तिची आई, एलिस्वा. मारणाऱ्या समुंदर सिंगला धाकट्या लेकीने, सेल्मीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन राखी बांधली. आईने तर त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं, माझ्या लेकीचं रक्त या हातांना लागलंय म्हणून. प्रवचनात हे आलं की आमच्या बाकावरच्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मी खाली माझ्या हातांकडे बघत बसते. हे हात तसं करायचे नाहीत, बाय. मी पापनिवेदनाच्या वेळी फादरांना हे सांगितलं आहे, तुलाही सांगून ठेवते. ती माउली मोठी. मला तिच्याएवढं मोठं व्हायचं नाही.

तू म्हणशील, आज्ञापालनाचं व्रत आहे, पाठवतील तिथे राहायचं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, तिन्ही मला पाठ आहेत, तुझ्या शेवटच्या व्रतांच्या दिवशी पहिल्या बाकावर बसून ऐकलीत. पण आज्ञा करणाऱ्यांच्या कानावर घालायला कुठलं व्रत आड येतं? अंगावर धावून येणाऱ्या बैलासमोर उभं राहायचं असं कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय? माणसाने जरा व्यवहार बघावा, दोन दिवस मागे घ्यावे, वातावरण निवळू द्यावं... हे बघ, मी पुन्हा सुरू झाले. पप्पा म्हणतात, तू फादरांपेक्षा लांब प्रवचन देतेस आणि वर दानपेटीही फिरवत नाहीस. चुकले. राग मानू नकोस.

तू गेलीस तो दिवस मला कालचा वाटतो. कॉन्व्हेंटमधून यादी आली होती, दोन पांढऱ्या चादरी, बादली, टॉर्च. टॉर्च म्हटल्यावर पप्पा वसईच्या बाजारात जाऊन तीन सेलवाली घेऊन आले, दरोडेखोर पकडायची असावी तशी. तू ट्रंकेवर बसून कानातली काढलीस आणि माझ्या मुठीत दिलीस. 19 वर्षांची. मी म्हटलं, असू दे गं, रविवारी घालशील. तू म्हणालीस, 'आई, तिथे रविवारीसुद्धा नाही.' परवा न्हाऊन आलीस, मी केसांना तेल लावत होते, तेव्हा कानाच्या पाळीला हात लागला. भोकं बुजली आहेत. बारीक गाठ लागते, तांदळाच्या कणीएवढी. तुला बोलले नाही. कानातली कपाटात आहेत, आजीच्या माळेच्या डबीत.

आता एक सांगते, आधी पूर्ण वाच, मग चीड. या वेळी तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी तुझ्या प्रोव्हिन्शियलना, तुमच्या मोठ्या सिस्टरना, फोन लावला. दादाच्या मोबाइलवरून, त्याला न सांगता. त्या फार गोड बोलल्या, 'बोला ना, आई.' बदलीचं अगदी ओठावर होतं. पण मध्येच ती पाय पसरून बसलेली बाई आडवी आली. मग मी म्हटलं, 'तिला आंबट चालत नाही हो, घसा धरतो.' त्या म्हणाल्या, बरं, लक्षात ठेवते. ठेवला फोन. तेव्हा तिकडे कुणी तुझं ताक बंद केलं तर समजून घे.

सुकेळी पार्सलने पाठवते. राजेळी केळी आगाशीहून आणली होती, आठ दिवस उन्हात मीच राखण केली, कावळ्यांना हाकलत. दोन पुडे केले आहेत. एक तुमच्या कॉन्व्हेंटला. दुसरा, इंदूरच्या बसला जी कुणी तुझ्याबरोबर येईल तिला. लाच समज हवं तर. पुडा परत आला तर मला कळेल की तू एकटीच गेलीस.

बसमध्ये चढलीस की एक मिस्ड कॉल, उतरलीस की एक. मी उचलणार नाही, पैसे लागणार नाहीत, बोलायलाही लागणार नाही.

तुझी
आई

ता. क. पप्पा विचारतात, जुनी टॉर्च लागते का अजून. नवी चार्जिंगवाली आणली आहे, पार्सलात तळाला आहे, टॉवेलात गुंडाळलेली. त्यांनी आणली हे सांगू नकोस म्हणालेत.