गणपतराव देशमुख: साधेपणाच्या पलीकडे

प्रति,
मा. संपादक,

स. न.

दरवर्षी 30 जुलै, म्हणजे पुण्यतिथी, जवळ आली की सांगोल्याचे दिवंगत आमदार भाई गणपतराव देशमुख यांच्यावर लेख येतात. बहुतेकांत एसटीचा प्रवास, साधे कपडे आणि 11 वेळा मिळालेली आमदारकी एवढेच असते. आम्हा तालुक्यातल्या लोकांना त्याचा अभिमान आहेच. पण एसटीतून मुंबईला उतरल्यावर आबासाहेब (गणपतरावांना आम्ही असेच म्हणतो) काय करत, हे फार थोडे जण लिहितात. माझ्या मते नव्या पिढीने शिकावे ते तिथेच आहे.

1962 साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी हरले आणि 1999 ला परत आले. एवढ्या काळात शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि 1999 नंतर थोडा काळ मंत्रिपद मिळाले, बाकी बहुतेक वर्षे विरोधी बाकावर. ‘सत्तेत नसलो तर तालुक्याला निधी कसा आणणार?’ असे म्हणत एका रात्रीत पक्ष बदलणाऱ्यांनी ही कारकीर्द एकदा नीट पाहावी.

विरोधी आमदाराच्या हातात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव), अर्ध्या तासाची चर्चा ही आयुधे असतात. ती वापरायला अभ्यास लागतो आणि सभागृहात बसून राहावे लागते. आबासाहेब दोन्ही करत. पेशाने वकील असल्यामुळे विधेयकाची कलमे वाचून बोलत. रोजगार हमी, दुष्काळ, शेतीचे पाणी हे त्यांचे कायमचे विषय. त्यांच्या भाषणाच्या वेळी सत्ताधारी बाकही शांत असायचे, असे त्यांच्याबरोबर काम केलेले दोन्ही बाजूंचे लोक सांगतात.

हे काम नुसते सभागृहात होत नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदेतून 13 दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न लावून धरला. परिषदेत ठराव व्हायचा, मोर्चा निघायचा आणि तोच प्रश्न मुंबईत, नागपुरात उभा राहायचा. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी माण नदीच्या खोऱ्याकडे वळायला फार वर्षे लागली. एक अख्खी पिढी चारा छावण्यांत आणि ऊसतोडीला गेली, हे विसरून चालणार नाही. तरीही मागणी एकदाही थंड पडू दिली नाही, याचे मोल मला मोठे वाटते. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली.

आता आमदाराचे काम कशावर मोजतो आपण? चौकातला फ्लेक्स, लग्नाला हजेरी, दहाव्याला हजेरी, भूमिपूजनाचे नारळ. सुखदुःखाला आमदार यावा असे मलाही वाटते, आबासाहेबही येत. पण अधिवेशन चालू असताना आमदार मतदारसंघात हार घालून घेत फिरतो आणि त्याला कोणी विचारत नाही, हे आपले चुकते. आधीच अधिवेशने आटोपती घेतली जातात. त्यातही बराच वेळ गोंधळात जातो.

म्हणून आपल्या दैनिकाला एक विनंती. प्रत्येक अधिवेशन संपले की जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराचा हिशेब छापा. किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर बोलले, कोणत्या लक्षवेधीला काय उत्तर मिळाले आणि मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले. विधिमंडळाच्या कामकाजाची सगळी नोंद होते, ती मिळवणे बातमीदाराला अवघड नाही. येत्या अधिवेशनापासून सुरुवात करावी, आणि जागा कमी पडली तर वाढदिवसाच्या जाहिरातींचे एक पान त्यासाठी द्यावे.

आपला,
एक वाचक,
सांगोला तालुका, जि. सोलापूर