लाटा मोजा, पण पाय बरबटायच्या आधी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लाटा आणि प्रवाह मोजून किनाऱ्यावरच्या प्रदूषणाचा माग काढण्याविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. लेख चांगला आहे. बोया (समुद्रात तरंगत ठेवलेलं मोजमापाचं यंत्र), वारा, प्रवाह, संगणकावरचं गणित, सगळं आलंय. गणित सुटल्यावर उत्तर कुणाला कळवतात, तेवढं लिहायचं राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मेअखेरीस आम्ही आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेलो होतो. दर्शन झाल्यावर गर्दी नको म्हणून नातवंडांना जवळच्या एका शांत किनाऱ्यावर नेलं. दहा मिनिटांत धाकटा रडत आला. तळपायाला काळंकुट्ट काहीतरी चिकटलेलं, निघता निघेना. बघतो तर वाळूभर लिंबाएवढे डांबरगोळे! शेवाळ समजून आम्ही सगळेच ते तुडवत होतो. पोराचे पाय, सौ.च्या साडीचा काठ, माझ्या नव्या चपला, आणि परत येताना गाडीची मागची सीट.

लॉजवर आलो तर पायरीवर रॉकेलची बाटली आणि चिंध्यांची पिशवी तयार. मालक म्हणाले, "मिरगाआधी वारा फिरला की येतातच हे. पाय पुसून आत या, फरशी खराब होते." अहो, सकाळी किनाऱ्याचा रस्ता मी त्यांनाच विचारला होता! तेव्हा शहाळीवाला कुठे बसतो तेवढंच सांगितलं.

म्हणजे बोयाला कळतं, लॉजवाल्याला कळतं. घाटातून गाडी हाणत आलेल्या कोल्हापूरकराला तेवढं कळत नाही.

हे गोळे काही आभाळातून पडत नाहीत. जहाजांच्या टाक्या धुतलेलं किंवा समुद्रातल्या विहिरींवर सांडलेलं तेल, त्यातला हलका भाग उडून गेला की उरतो तो हा चिकटा. पाण्यावरचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगानं सरकतो, शिवाय प्रवाह ओढून नेतो तो वेगळाच. पावसाळ्याच्या तोंडावर वारा पश्चिमेकडून, म्हणजे थेट आमच्या पायांकडे. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेने रत्नागिरीसमोरही लाटा मोजणारा बोया सोडलेला आहे. तेलगळती झाली तर तवंग कुठे जाईल, याचा अंदाजही हीच संस्था देते. उंच लाटांचा इशारा मच्छीमारांपर्यंत जातो, मग ‘आज वाळूत डांबर आहे’ एवढं एका फळ्यावर लिहायला काय अडचण आहे? खडूनं लिहिलं तरी आमची तक्रार नाही.

समुद्राचं एक वेळ समजून घेऊ. तिथला प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. घाण कुठून आली हे शोधायला यंत्रं लागणारच. आमची पंचगंगा तर प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत एकाच दिशेनं वाहते ना? मासे तरंगले की घाण वरच्या अंगानंच आली, हे सांगायला कुठला बोया हवा? तरी दर वेळी पाण्याचे नमुने घेतल्याची बातमी येते आणि पुढे सगळं गार.

यात आपलंही थोडं चुकतंय, राग मानू नका. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तुम्ही फूट-इंचांत पहिल्या पानावर छापता. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच पाण्याला फेस येतो तेव्हा मात्र आतल्या पानावर चार ओळी, त्याही जाहिरातीच्या खाली.

असो. सीट दोन ठिकाणी धुऊन घेतली, डाग गेला नाही. यंदाही मेमध्ये कोकणात जायचं घरात ठरतंय. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून खोबरेल तेलाचा डबा बरोबर घेणार आहे.

आपला,
एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर