माईंच्या रिपोर्टबद्दल

लातूर, रविवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. माईंच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीची स्लाइड (काचेवरचा पातळ काप) मिळाली. रिपोर्टात 'ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह', म्हणजे गाठीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पकडणारे रिसेप्टर नाहीत, असं वाचून तू हबकलास, पण स्लाइड मी स्वतः नीट पाहिली आहे. हा निगेटिव्ह धरून चालायचं नाही.

या तपासणीत गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकतात. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असला की पेशीचं केंद्रक तपकिरी होतं. शंभरात एक पेशी रंगली तरी पॉझिटिव्ह म्हणायचं, असा २०१० पासूनचा नियम आहे. माईंच्या गाठीशेजारी दुधाच्या निरोगी नळ्या दिसतात. त्यांतल्या काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. त्याही साफ निळ्या! म्हणजे रंगच लागलेला नाही. त्यात गाठ ग्रेड १ची. असल्या मवाळ गाठीत ईआर शून्य आला की मला शंका येतेच.

तू म्हणालास, गाठ न कापता बरणीत घातली आणि दोन दिवसांनी परभणीला पाठवली. तिथंच घोळ झाला. फॉर्मॅलिन, म्हणजे गाठ टिकवणारं द्रव, तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, तोवर आतला भाग खराब होतो. गाठ तासाभरात चिरून दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकायची आणि ६ ते ७२ तास ठेवायची. एवढं साधं काम, पण ते राहिलं की बाईची हार्मोन रोखणारी पाच वर्षांची गोळी हुकते. आपल्या तालुक्यांतून अशा बरण्या येतात तेव्हा फार संताप होतो रे.

पूर्वी यासाठी ताजी गाठ लगेच गोठवावी लागायची, मग ती दळून किरणोत्सारी हार्मोन किती चिकटतं ते मोजायचे. एकदा गाठ संपली की संपली. आता गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, पुन्हा तपासता येतो.

म्हणून ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक मागून घे. ते तुकडे बारीक असतात, फॉर्मॅलिन लगेच आत जातं. लेखी अर्ज दिलास की लॅब देते. ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ वाढवणारं आणखी एक प्रथिन) तिन्ही तपासण्या त्याच्यावर पुन्हा करू. केमोचं पक्कं करण्याआधी डॉक्टरांना हे पत्र दाखव. ईआर निघाला तर इलाजाची दिशाच बदलेल.

ब्लॉक कुणाच्या तरी हाती पाठव, गाडीत उन्हात ठेवू देऊ नकोस, मेण मऊ पडतं. बुधवारी मी दिवसभर लॅबमध्येच आहे. माईंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक