धारूरच्या घाटात गाडी उतरवताना

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत माजलगावला मामाकडे जाताना धारूरच्या घाटात आईला उलटी झाली, ती माझ्यामुळे झाली. तुम्ही म्हणालात, उपाशी निघाली म्हणून. तसं नव्हतं. या इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि मी तो पाय झटक्यात उचलत होते. मागच्या सीटवर बसलेल्या आईला दर वळणाला हिसका बसत होता. आडसपासून तिला मळमळत होतं, तरी ती बोलली नाही. आई, पुढच्या वेळी लगेच सांग गं.

अण्णा, पुढच्या महिन्यात गाडी तुम्हाला चालवायची आहे, म्हणून हे सगळं नीट लिहिते.

तुम्ही एसटीत होतात तेव्हापासून सांगत आलात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल करायची नाही, गाडी इंजिनवर धरायची. इथे तेच काम मोटर करते. पाय उचलला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत जाते. ती वीज तयार करायला जो जोर लागतो, तोच गाडीला मागे ओढतो. एसटीत तो जोर इंजिनात आणि ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन वाया जायचा. उतरून आलेल्या गाडीच्या चाकांचा तो करपट वास मला अजून आठवतो. दीड टनाची गाडी 100 मीटर खाली उतरली, तर हिशोबाने साधारण 0.4 युनिट होतात. सगळे परत मिळत नाहीत, टायर, वारा आणि मोटर आपला वाटा घेतातच. तरी घाट उतरल्यावर स्क्रीनवर बॅटरीचा आकडा जागेवरच राहिलेला दिसला, तेव्हा मला पहिल्यांदा तुमची आठवण आली.

म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर जमेल. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. दोन दिवस एकाच पेडलवर चालवलं की पाय ब्रेककडे जायचं विसरतो. आपली गाडी पाय उचलून पूर्ण थांबत नाही, शेवटी हळूहळू सरकत राहते. थांबायला ब्रेक दाबावाच लागतो. आणि अचानक म्हैस आडवी आली तर पाय नुसता उचलून भागत नाही, ब्रेकच जोरात दाबायचा.

दुसरं, बॅटरी 100 टक्के भरलेली असली की ही ओढ कमी होते, कारण वीज ठेवायला जागाच नसते. एकदा रात्रभर चार्जिंग करून सकाळी निघाले, पहिल्या सिग्नलला नेहमीसारखा पाय उचलला आणि गाडी पुढे जातच राहिली. ब्रेक वेळेवर लागला, पण छातीत धस्स झालं. घाटात जायचं असेल तर 80-85 टक्क्यांवरच चार्जिंग बंद करा.

तिसरं, आता उसाचा हंगाम आहे. मागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असेल तर पाय एकदम सोडू नका. तुम्ही ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही तरी गाडी जोरात मंदावते, आणि भरलेल्या ट्रॉल्या तशा थांबत नाहीत. हळूहळू सोडायचा, क्लच सोडतो तसा. ही उपमा तुमच्यासाठीच शोधून ठेवली आहे.

ओढ किती ठेवायची ते स्टिअरिंगमागच्या कळीने बदलता येतं. मी ती सगळ्यात कमीवर ठेवून देईन. आधी शेताच्या रस्त्याला चार फेऱ्या मारू, मग एक एक पायरी वाढवू. घाट तेव्हाच, जेव्हा तुम्ही म्हणाल. उजवा गुडघा दुखत असेल तर तो दिवस सोडून देऊ. एकाच पेडलवर पाय सतत अर्धवट धरून ठेवायला लागतो आणि त्याने पोटरी भरून येते, हे मला चालवून कळलं.

आई, तू या वेळी पुढे बसायचंस. समोरचा रस्ता दिसला की कमी मळमळतं. मी मागे बसेन, म्हणजे अण्णांनी पाय कसा सोडला ते मलाही कळेल.

शनिवारी दुपारपर्यंत पोचते. चार्जरसाठी ओट्याजवळच्या साध्या प्लगला काही जोडू नका, वायरमनला बोलावून 15 अँपिअरचं वेगळं सॉकेट आणि अर्थिंग तपासून ठेवायला सांगा.

तुमची,
माई